माहिती दिली, पण कशासाठी?
वाचकांचे प्रश्न, वकिलांची उत्तरे

गेल्या अंकात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाविषयी प्रश्न मागवले होते. त्यांना इंदूरच्या वाचकांनी भरभरून प्रतिसाद दिला आणि ग्वाल्हेरहूनही एक पत्र आले. विषयच असा असल्यामुळे पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत; वस्ती तेवढी दिली आहे.

उत्तरांपूर्वी एक खुलासा आवश्यक आहे. 'डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा' संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये संमत केला, परंतु त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने ठरली आहे : तक्रारी ऐकून दंड करणाऱ्या डेटा संरक्षण मंडळाविषयीच्या तरतुदी लगेच, 'संमती व्यवस्थापक' नावाच्या मध्यस्थांची नोंदणी एका वर्षाने, आणि नागरिकांचे हक्क व संस्थांची कर्तव्ये अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून. पुढे 'नवा कायदा' असे जेथे म्हटले आहे, तेथे हे वेळापत्रक लक्षात ठेवूनच वाचावे.

प्रश्न : राजवाड्याजवळच्या एका मोठ्या कापड दुकानात बिल करताना माझा मोबाइल नंबर मागितला. देण्याची इच्छा नव्हती, पण 'नंबराशिवाय कॉम्प्युटर बिल काढत नाही' असे काउंटरवरच्या मुलाने सांगितले. त्यानंतर प्लॉट, कर्ज आणि विम्याचे फोन सुरू झाले. दुकानदाराला असा नंबर मागण्याचा अधिकार आहे का? (निवृत्त शिक्षिका, लोकमान्य नगर)

मागण्यास कोणाची हरकत नाही. सक्ती करता येत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच किरकोळ विक्रेत्यांना बजावले होते की, मोबाइल नंबर दिला नाही म्हणून माल किंवा बिल नाकारणे ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. तेव्हा कॉम्प्युटर बिल काढत नसेल, तर ती दुकानाची अडचण आहे, आपली नव्हे.

आपल्या प्रश्नाचा महत्त्वाचा भाग पुढचा आहे. नंबर दिला, तो बिलासाठी. फोन आले, ते प्लॉटसाठी. नव्या कायद्याचा सगळा डोलारा या फरकावर उभा आहे. योगायोग असा की कायद्याच्या कलम ७ मध्ये जे उदाहरण दिले आहे, ते जवळजवळ आपलेच आहे : एखादी व्यक्ती औषधाच्या दुकानात खरेदी करते आणि पैसे मिळाल्याची पोच मोबाइलवर पाठवा म्हणून स्वतःहून नंबर देते. दुकानाला तो नंबर पोच पाठवण्यासाठी वापरता येतो. कलम ६ मधले दुसरे उदाहरण आणखी बोलके आहे. घरबसल्या डॉक्टरी सल्ला देणारे एक ॲप रुग्णाकडून उपचारासाठी तर संमती घेतेच, पण फोनमधील संपर्कयादी वाचण्याचीही घेते, आणि रुग्ण दोन्हींना 'हो' म्हणतो. कायदा म्हणतो की उपचारासाठी संपर्कयादी लागत नाही, म्हणून ती संमती फक्त उपचारापुरतीच धरली जाईल. थोडक्यात, घाईघाईने दाबलेले 'हो'सुद्धा आता प्रयोजनाच्या मर्यादेतच ग्राह्य आहे. आणि संमती होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी माहिती घेणाऱ्यावर आहे, आपल्यावर नाही.

सध्यापुरता उपाय असा की अशा प्रत्येक फोनची तक्रार १९०९ या क्रमांकावर नोंदवावी. फोन करणाऱ्यास 'माझा नंबर कोठून मिळाला?' असे विचारून पाहावे. खरे उत्तर क्वचितच मिळते, पण पुन्हा फोन येण्याचे प्रमाण कमी होते, असा माझ्या काही अशिलांचा अनुभव आहे.

प्रश्न : संविधानात खासगीपणा हा शब्द नाही. मग तो मूलभूत हक्क झाला कसा? तंत्रज्ञान बदलले म्हणून कायदा बदलला, की न्यायालयाचे मत बदलले? (बँकेतून निवृत्त, सुदामा नगर)

दोन्ही झाले, आणि त्या प्रवासातील एक मुक्काम आपल्याच राज्यात आहे.

खासगीपणाचा कायदेशीर विचार पहिल्यांदा नेटाने मांडला गेला तो १८९० मध्ये, अमेरिकेत. वॉरेन आणि ब्रँडाइस या दोन वकिलांनी 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू'मध्ये लेख लिहिला, आणि त्यांच्या चिंतेचे एक कारण होते झटपट छायाचित्र टिपणारा कॅमेरा व त्यावर पोसलेली वर्तमानपत्रे. म्हणजे सुरुवातीपासूनच यंत्र आधी आले आणि कायदा त्याच्या मागून.

भारतात मात्र प्रश्न प्रथम यंत्रामुळे नव्हे, पोलिसांमुळे न्यायालयात गेला. १९५४ मध्ये झडतीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांनी, आणि १९६२ मध्ये उत्तर प्रदेशातील खडक सिंग यांच्या प्रकरणात सहा न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने, असा हक्क संविधानात नाही असे मत नोंदवले. खडक सिंग यांच्या घरी रात्री-अपरात्री जाऊन दार ठोठावण्याची पोलिसांची मुभा तेवढी न्यायालयाने रद्द केली. त्यानंतर १९७५ मध्ये गोविंद विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा खटला आला. मध्य प्रदेश पोलीस विनियमांतील ८५५ व ८५६ या विनियमांखाली पाळत ठेवली जात असल्याची गोविंद यांची तक्रार होती. न्यायालयाने विनियम रद्द केले नाहीत, पण त्यांचा अर्थ अरुंद केला आणि असा हक्क आहे असे गृहीत धरून विचार केला. आपल्याकडच्या या विषयाची पुढची वाटचाल त्या सावध परिच्छेदांवरून झाली. १९९६ मध्ये टेलिफोनवरील संभाषण चोरून ऐकण्याच्या प्रकरणात न्यायालयाने कार्यपद्धतीची बंधने घातली, आणि अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने, निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर, खासगीपणा हा जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क देणाऱ्या अनुच्छेद २१ चा अंगभूत भाग असल्याचा एकमुखी निर्णय दिला. याचिकेचे मूळ 'आधार'मध्ये होते. त्याच निकालाने आणीबाणीतील जबलपूर खटल्याचा, अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येणार नाही असे सांगणारा, कुप्रसिद्ध निर्णयही मोडीत काढला. जबलपूर खटल्यातील बहुमतात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते आणि तो मोडणारे निकालपत्र त्यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले.

आपल्या प्रश्नाच्या उत्तरार्धाबद्दल माझे मत असे. पोलीस दाराशी येतो तेव्हा घरातल्यांना ते कळते. तारेवर कान लावलेला मनुष्य दिसत नाही, पण तो निदान एका वेळी एकाचेच ऐकतो. संगणकातील नोंदींचे तसे नाही : दवाखान्याची नोंद, बँकेची नोंद आणि प्रवासाची नोंद निरनिराळी असेपर्यंत निरुपद्रवी असतात, त्या एकमेकींना जोडल्या की माणसाचे चरित्र तयार होते, आणि ते तयार झाल्याचे त्या माणसाला समजतही नाही. म्हणून जर्मनीतील हेसन या प्रांताने १९७० मध्ये जगातील पहिला डेटा संरक्षण कायदा केला, तेव्हा विचारण्याचा प्रश्नच बदलला. 'कोणी पाहिले?' हे सिद्ध करणे अशक्य झाल्यामुळे 'ही माहिती कशासाठी ठेवली आहे?' असे विचारणे सुरू झाले. युरोपचा मे २०१८ पासूनचा कायदा आणि आपला २०२३ चा कायदा हे या प्रश्नाचेच वंशज आहेत.

प्रश्न : आमच्या मंडळातर्फे वधू-वर सूचक केंद्र चालते. पूर्वी वही होती. आता नाव, जन्मवेळ, पत्रिका, पगार, फोटो असे सगळे एक्सेलमध्ये आहे आणि स्थळे व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली जातात. आमची संस्था लहान, सेवाभावी आणि विनामूल्य आहे. हा कायदा आम्हाला लागू होतो का? (एका मंडळाचे कार्यवाह, राजेंद्र नगर)

होतो. आपण विचारलेत हे बरे झाले, कारण इंदुरात अशी केंद्रे पुष्कळ आहेत आणि बहुतेकांची समजूत 'आम्ही काय कंपनी आहोत?' अशीच आहे.

वही वहीच राहिली असती, तर नव्या कायद्याचा तिच्याशी संबंध आला नसता. तो डिजिटल स्वरूपातील, किंवा कागदावरून पुढे डिजिटल केलेल्या, माहितीपुरता आहे. एक्सेलमध्ये उतरवली त्या दिवशी ती यादी कायद्याच्या कक्षेत आली. माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जो ठरवतो, त्याला कायद्याने 'डेटा फिड्युशिअरी' म्हटले आहे, आणि त्यात व्यक्तींचा संघही येतो. तो नोंदणीकृत असो वा नसो, नफा मिळवो वा न मिळवो. घरगुती कारणासाठी माहिती वापरणाऱ्या व्यक्तीला सूट आहे, म्हणजे आत्याने भाचीचा बायोडेटा मामींना पाठवला तर कायदा मध्ये पडत नाही. मंडळाला ती सूट मिळत नाही. काही वर्गांना काही तरतुदींतून वगळण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे, पण त्यावर विसंबून राहू नये.

आता काय करावे ते सांगतो. पहिली गोष्ट, संमती कोणाची? स्थळ बहुधा आई-वडील नोंदवतात. मुलगी सत्तावीस वर्षांची असेल, तर तिच्या पगाराची, फोटोची आणि जन्मवेळेची माहिती तिची आहे आणि संमतीही तिचीच लागेल. वडिलांची सही पुरणार नाही. हे सांगितल्यावर काही घरांत कुरबुर होईल, याची मला कल्पना आहे. परंतु मुलीला न विचारता तिचा फोटो चारशे लोकांच्या ग्रुपवर फिरवणे हे कायदा नसतानाही योग्य नव्हते.

दुसरी गोष्ट, सूचना. अर्जासोबत साध्या भाषेत लिहून द्यावे की कोणती माहिती घेतो, कशासाठी घेतो, संमती परत कशी घेता येते आणि तक्रार कोणाकडे करायची. ही सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय अर्जदाराला मिळाला पाहिजे, आणि मराठी त्या बावीस भाषांपैकी एक आहे. आपल्या मंडळाला हे जड जाऊ नये. जुन्या नोंदींबाबत कायदा व्यवहारी आहे : आधी घेतलेल्या संमतीवर काम चालू ठेवता येते, मात्र शक्य तितक्या लवकर संबंधितांना अशी सूचना पाठवावी लागते, आणि कोणी संमती मागे घेतली तर थांबावे लागते. संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. अर्ज व्हॉट्सॲपवर घ्यायचा आणि नाव काढण्यासाठी मात्र रविवारी सायंकाळी पाच ते सात कार्यालयात यायला सांगायचे, हे चालणार नाही.

तिसरी गोष्ट, प्रयोजन संपले की माहिती पुसणे. विवाह ठरला म्हणजे नोंद काढून टाकायची, आणि ती फक्त मुख्य यादीतून नव्हे, तर प्रतींतूनही. ग्रुपचा खरा दोष येथेच दिसतो. एकदा टाकलेला बायोडेटा चारशे फोनांत उतरतो, तेथून इतर ग्रुपांत आणि दलालांकडे जातो, आणि लग्न होऊन दोन वर्षे झालेल्या मुलीला अनोळखी घरून विचारणा येत राहते. अशा प्रती परत घेण्याचा कोणताही मार्ग मंडळाकडे नाही. म्हणजेच कायद्याने सांगितलेले कर्तव्य पार पाडणे ग्रुपवर अशक्य आहे. म्हणून ग्रुप बंद करावा, असाच माझा सल्ला राहील. त्याऐवजी यादीत वय, शिक्षण आणि गाव एवढेच ठेवावे, आणि फोटो, पत्रिका व नंबर दोन्ही बाजूंची संमती आल्यावर एकमेकांना द्यावेत. जुन्या वह्यांच्या काळात नेमके हेच होत असे. कार्यवाह वही उघडून बसत आणि स्थळ जुळते असे वाटले तरच पत्ता सांगत.

शेवटचे, सुरक्षा. यादी कार्यवाहांच्या घरच्या लॅपटॉपवर, पासवर्डशिवाय, आणि पेन ड्राइव्हवर तिची एक प्रत अध्यक्षांकडे, अशी व्यवस्था मी पाहिली आहे. नियमांनुसार माहिती सांकेतिक स्वरूपात ठेवणे, ती कोण उघडू शकतो यावर नियंत्रण आणि कोणी केव्हा उघडली याची नोंद, हे किमान अपेक्षित आहे. माहिती फुटली, तर प्रत्येक संबंधित व्यक्तीला विनाविलंब आणि डेटा संरक्षण मंडळाला तपशीलवार अहवाल ७२ तासांच्या आत द्यावा लागतो. सुरक्षेत हयगय झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. सेवाभावी मंडळाला कोणी तेवढा दंड करणार नाही, कारण दंड ठरवताना उल्लंघनाचे गांभीर्य आणि दंडाचा त्या संस्थेवर होणारा परिणाम पाहायचा असतो. आकडा सांगितला तो कार्यकारिणीच्या बैठकीत वाचून दाखवण्यास उपयोगी पडावा म्हणून.

प्रश्न : मुलगा सोळा वर्षांचा आहे. भंवरकुआं भागातील शिकवणी वर्गाने त्याला ॲप घ्यायला लावले. ते ॲप तो कोणता व्हिडिओ किती वेळ पाहतो, कोठे अडतो, हे सर्व टिपते. आता परीक्षेचा निकाल लागल्यावर त्याचा फोटो होर्डिंगवर लावू म्हणतात. आम्ही काही म्हणू शकतो का? (आई, स्नेहलता गंज)

आपल्या देशात या कायद्यासाठी अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. युरोपात हीच मर्यादा सोळा असून तेथील देशांना ती तेरापर्यंत खाली आणता येते, त्यामुळे आपली तरतूद बरीच कडक म्हणावी लागेल. बालकाची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती घ्यावी लागते, आणि बालकाच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास व त्याला उद्देशून जाहिराती दाखवण्यास मनाई आहे.

यात एक अपवाद आहे. शैक्षणिक संस्थांना, शैक्षणिक कामासाठी किंवा मुलांच्या सुरक्षिततेसाठी, अशी नोंद ठेवता येते. वर्ग हा अपवाद पुढे करील, आणि मुलगा कोणत्या धड्यात अडतो हे शिक्षकाने पाहण्यात गैरही काही नाही. परंतु त्याच नोंदीवरून त्याला महागड्या 'क्रॅश कोर्स'च्या जाहिराती दाखवणे त्या अपवादात बसत नाही. फोटोचे तर सरळ आहे : प्रवेशासाठी दिलेला फोटो प्रवेशासाठी. होर्डिंगसाठी वेगळी संमती घ्यावी लागेल, आणि ती प्रवेश अर्जातल्या बारीक अक्षरांत गुंडाळलेली नसावी. आजच वर्गाला लेखी कळवून ठेवा. आणि मुलालाही विचारा. चौकात आपला फोटो असावा असे त्याला मनापासून वाटत असेल, तर हा प्रश्न कायद्याचा राहणार नाही.

प्रश्न : एका खासगी तपासणी केंद्राने रक्ततपासणीचा अहवाल मोबाइलवर दुव्याने पाठवला. दुव्यातील शेवटचे आकडे बदलले की दुसऱ्याच रुग्णाचा अहवाल उघडतो, असे माझ्या लक्षात आले. म्हणजे माझाही कोणी उघडला असेल. मला नुकसानभरपाई मिळेल का? (टिळक नगर)

प्रथम एक इशारा : आकडे बदलून आणखी अहवाल उघडू नका. हेतू चांगला असला, तरी परवानगीशिवाय दुसऱ्याच्या माहितीत शिरणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ खाली येऊ शकते. जे दिसले त्याचा एकच स्क्रीनशॉट, दुसऱ्याचे नाव झाकून, जपून ठेवा; केंद्राला लेखी कळवा आणि सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेला ईमेल करा.

नुकसानभरपाईबाबत मात्र उत्तर निराशाजनक आहे. नव्या कायद्याखाली दंड होतो, पण दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होते. ज्याची माहिती फुटली त्याला एक रुपयाही मिळत नाही. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये जो मसुदा दिला होता, त्यात पीडिताला भरपाई होती; २०१९ च्या विधेयकातही होती; ते २०२२ मध्ये मागे घेतले गेले आणि नव्या विधेयकातून ही तरतूद गळाली. शिवाय जुन्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातील भरपाई देणारे कलम ४३अ सुद्धा नवा कायदा पूर्णपणे लागू होताना वगळले जाणार आहे. ज्याचा अहवाल उघडा पडला, त्याच्या वाट्याला तक्रारीचा हक्क आणि सरकारच्या वाट्याला दंड, ही वाटणी मला मान्य नाही. या कायद्याचा हा सर्वांत मोठा दोष आहे असे मी समजतो.

तोपर्यंत कलम ४३अ जिवंत आहे. वैद्यकीय अहवाल ही 'संवेदनशील' माहिती मानली जाते, व्यावसायिक केंद्र त्या कलमाच्या कक्षेत येते, आणि निष्काळजीपणामुळे आपले नुकसान झाले हे दाखवता आले, तर पाच कोटी रुपयांपर्यंतचा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान खात्याच्या सचिवांपुढे, ते न्यायनिर्णय अधिकारी असतात, चालतो. खरी अडचण नुकसान सिद्ध करण्याची आहे. सेवेतील त्रुटी म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याचा मार्ग अनेकदा अधिक सोपा आणि जवळचा ठरतो.

प्रश्न : नातवाने आमच्या जुन्या कौटुंबिक फोटोंवरून एआय ॲपमध्ये चित्रे बनवली. सगळ्यांनी कौतुक केले, पण ते फोटो आता त्या कंपनीकडे कायमचे गेले का? पुसून टाका म्हटले तर पुसतील का? (रामबाग)

नातवाने घरगुती हौसेखातर फोटो टाकले, म्हणून त्याच्यावर कायदा येत नाही. कंपनीवर येतो, आणि ती परदेशी असली तरी भारतातील लोकांना सेवा देत असल्यामुळे येतो. साठवलेला फोटो पुसण्याची मागणी करता येईल.

तथापि, 'साठवलेला' आणि 'शिकलेला' या दोहोंत अंतर आहे. फोटो एआयच्या प्रशिक्षणासाठी वापरला गेला असेल, तर तो तेथे फोटो म्हणून राहत नाही. अब्जावधी आकड्यांत त्याचा अंश मिसळलेला असतो, आणि तेवढाच अंश वेगळा काढणे आजच्या तंत्राने फार कठीण आहे. पुसण्याचा हक्क लिहिला गेला तो नोंदवही आणि कपाट डोळ्यांपुढे ठेवून. म्हणून येथे नंतर पुसायला सांगण्यापेक्षा आधी नकार देणे अधिक परिणामकारक ठरते. इटलीच्या डेटा संरक्षण प्राधिकरणाने मार्च २०२३ च्या अखेरीस चॅटजीपीटीवर तात्पुरते निर्बंध आणले. सुमारे महिन्याभराने सेवा पुन्हा सुरू झाली, ती युरोपातील लोकांना आपली माहिती प्रशिक्षणासाठी वापरू नका असे सांगण्याची सोय करून. बहुतेक ॲपांच्या सेटिंगमध्ये आता असा पर्याय असतो. नातवाकडून तो आजच बंद करून घ्या.

आपल्या कायद्यात आणखी एक मोठी फट आहे. एखाद्याने स्वतःच सर्वांसाठी खुली केलेली माहिती कायद्याच्या बाहेर ठेवली आहे. म्हणजे फेसबुकवर आपण स्वतः 'पब्लिक' करून टाकलेला फोटो एखाद्या यंत्राने उचलला, तर हा कायदा मदतीला येत नाही. भाचीने आपला फोटो टाकला असेल, तर गोष्ट वेगळी, कारण तो आपण खुला केलेला नाही. युरोपच्या एआय कायद्याने फेब्रुवारी २०२५ पासून इंटरनेटवरून सरसकट चेहरे गोळा करून ओळख पटवण्याचे साठे बनवण्यास बंदी केली आहे. आपल्या कायद्यात तशी मनाई नाही. केवळ यंत्राने घेतलेल्या निर्णयाला, उदाहरणार्थ कर्ज नाकारण्याला, आव्हान देण्याचा युरोपात असलेला हक्कही आपल्याकडे नाही. इंदूरच्या विमानतळावर २०२४ पासून चेहरा दाखवून आत जाण्याची 'डिजियात्रा' सोय आहे. ती ऐच्छिक आहे, आणि ओळखपत्र दाखवून जाण्याचा रस्ता खुला आहे, एवढे तेथील रांगेत लक्षात ठेवावे.

प्रश्न : नव्या कायद्यामुळे माहितीचा अधिकार संपला, असे आमच्याकडे बोलले जाते. खरे आहे का? (ग्वाल्हेर)

संपला नाही, पण आकसला आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) नुसार पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारायची, तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्याने खासगीपणावर अनाठायी आक्रमण होते, असे दाखवावे लागे. आता ती 'वैयक्तिक' आहे एवढे म्हणणे पुरेसे झाले आहे, आणि हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये लगेच लागू झाला. नागरिकांचे हक्क अठरा महिन्यांनी आणि अधिकाऱ्यांची ढाल पहिल्याच दिवशी, हा क्रम मला खटकतो. कलम ८(२) मात्र शाबूत आहे : व्यापक जनहित अधिक भारी असेल, तर माहिती देता येते. अर्जातच जनहित काय आहे ते दोन-चार वाक्यांत लिहावे, म्हणजे अपिलात तो मुद्दा नव्याने मांडावा लागत नाही.

प्रश्न : वडिलांच्या निधनानंतर त्यांचे ईमेल आणि फोटो कोणालाच मिळेनात. कायद्यात काही सोय आहे का? (परदेशीपुरा)

नव्या कायद्याच्या कलम १४ नुसार आपल्या मृत्यूनंतर किंवा अक्षमतेत आपले हक्क वापरण्यासाठी कोणालाही नामनिर्देशित करता येईल. ही तरतूद युरोपच्या कायद्यात नाही. वडिलांनी असे कोणाला नेमलेले नसल्यामुळे आपल्याला कंपनीच्याच नियमांनुसार, मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रे जोडून, अर्ज करावा लागेल. स्वतःपुरते मात्र आजच करता येईल : गूगलमध्ये 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आणि ॲपलच्या फोनमध्ये 'लेगसी कॉन्टॅक्ट' या नावाने अशी सोय उपलब्ध आहे. आईचा ईमेल असेल, तर तिच्या शेजारी बसून तिचेही भरून द्यावे.